सगळं नॉर्मल आहे

डॉक्टर हुंडेकरी फाईल मिटत म्हणाले, बाई,
रक्त नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल,
दुर्बीण घालून बघितलं, तेही नॉर्मल.
आतडं चिडकं आहे, एवढंच.

एवढंच.
जसं काही घरात एक दीर तेवढा चिडका,
बाकी सासर झकास.

मी विजेचे मीटर वाचते.
साखर पेठेपासून अशोक चौकापर्यंत, मधल्या बोळांसकट,
दिवसाला दीडशे. आकडा, फोटो, पुढचं दार.
कुणाचे लूम रात्रपाळीला चालतात मला ठाऊक,
कुणी टॉवेल विणायचं सोडलं
ते त्याच्या सोयऱ्यांआधी मला कळतं.
पण माझ्या डोक्यातल्या नकाशात
देवळं नाहीत, चौक नाहीत, तलावही नाही.
फक्त दारं आहेत,
जिथं "जरा आत जाऊन येऊ का ओ?" म्हणता येतं.
दीडशेत चार.
त्यातलं एक बुधवारी बंद.

पोटात सकाळपासून धोटा पळतो,
इकडून तिकडं, तिकडून इकडं,
खटक् खटक्,
कापड मात्र वीतभर निघत नाही.
अक्कलकोटला भाचीच्या लग्नाला गेले नाही,
एसटी तासभर थांबत नाही म्हणून.
बहिणीला सांगितलं, रजा मिळाली नाही.
ती अजून बोलत नाही. तिचंही बरोबर आहे.

डॉक्टरांनी कागदावर एक वेटोळं काढलं
आणि त्यात पेनानं ठिपके, ठिपके, ठिपके.
म्हणाले, ही वस्ती. तुमचीच.
हिची घडी विस्कटली असेल.
ही कॅप्सूल घ्या, एकीत दोन हजार कोटी जीव.
कुणाला लागू पडते, कुणाला नाही.
तुम्हाला पडेल का? ठाऊक नाही.
चार आठवडे बघू.
एवढा शिकलेला माणूस 'ठाऊक नाही' म्हणाला
म्हणून मी विश्वास ठेवला.

पहिली पट्टी पर्समध्येच उन्हात शिजली.
दोन हजार कोटी गुणिले दहा.
मी काही क्षण गप्प बसले त्यांच्यासाठी.

मग ती मेमधली दुपार. त्रेचाळीस अंश.
कुठल्याच ओळखीच्या दारापासून मी जवळ नव्हते.
उंबऱ्यात राजमणी मेरगू विड्या वळत होती,
मांडीवर सूप, सुपात पानं, दातात दोरा.
नळाला चार दिवस पाणी नव्हतं, साऱ्या गल्लीला ठाऊक.
तिनं माझ्या मशीनकडं पाहिलं नाही, तोंडाकडं पाहिलं.
"पो अम्मा, पो," म्हणाली,
आणि पिंपाच्या तळाचं खरवडून
अर्धी बादली माझ्या हातात दिली.

बाहेर आले तर ताक तयार. मीठ, चिमूटभर जिरं.
मी फुकटात सगळा आजार सांगून टाकला,
नवऱ्याला इतका सांगितला नव्हता.
ती विडीला गाठ मारत राहिली. निघताना
स्टीलच्या डबीत चमचाभर विरजण दिलं.
तिचंही नव्हतं ते,
मागच्या गल्लीतल्या वल्लाळबाईकडनं आणलेलं,
तिनं कुठनं आणलं कुणास ठाऊक.
म्हणजे हेही माझ्यासारखेच,
दारोदार.

डॉक्टरांना विचारलं, हे आणि ते एकच का?
हसले. नाही, म्हणाले, कुळं वेगळी.
पण सोसत असेल तर खा की.
शेंगाची चटणी तेवढी कमी करा.
सोलापुरात! मी फाईल उचलली.

आता दोन्ही चालू आहे, कॅप्सूल आणि वाटी.
चौदा दिवसांतले नऊ बरे गेले,
पाचांबद्दल विचारू नका.
बहिणीला फोन लावला, खरं कारण सांगितलं.
ती आधी हसली, मग म्हणाली, मलाही होतं गं तसं.

रात्री दूध कोमट करून विरजते,
झाकते, कोपऱ्यात ठेवते,
हलवायचं नाही, सारखं उघडून बघायचं नाही.
पहाटे पाचला झाकण काढते.

दही लागलंय.
पोटाचं अजून सांगता येत नाही.